नारिंगी वायरला हात लावू नको

प्रविणच्या गॅरेजातून कुठलीही गाडी कोरडी परत जात नसे.

तलासरी नाक्याच्या अलीकडे, हायवेला लागून एक पत्र्याची शेड, तिच्यावर लाल रंगाने ‘एसी काम’, आणि मागे दोन खोल्यांचं घर, एवढाच त्याचा पसारा. एसीत गॅस भरायला गाडी आली की भरून झाल्यावर प्रविण डब्यातलं कॉम्प्रेसरचं तेल थोडं जास्तीचं सोडायचा. त्याचं वेगळं काही घेत नसे. भाजीवाली पिशवीत वरून कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते ना, तसं ते. “कॉम्प्रेसरचं बाळंतिणीसारखं असतं,” तो म्हणायचा. “तेल मिळालं की कुरकुर करत नाही.” यावर योगिता त्याच्या पाठीत धपाटा घालायची. धाकली अजून अंगावर पीत होती, आणि बाळंतपणातल्या तेलाच्या मालिशीची कुरकुर कुणी आणि किती केली होती, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळीच नितीन आला. नितीन हा प्रविणचा धाकटा भाऊ. डहाणूला राहायचा, स्टेशन ते बोर्डी भाडी मारायचा, आणि गेल्या वर्षापासून त्याच्याकडे इलेक्ट्रिक गाडी होती. आवाज न करता गाडी शेडमध्ये शिरली तेव्हा योगिता धाकलीला झोळीत घालत होती. तिला कळलंसुद्धा नाही.

“दादा, एसी नुसती भट्टी झालीय. आणि आज रूपीचं लग्न. लाडकी आजीला मांडवात मला पोचवायचंय.”

लाडकी आजी म्हणजे धवलेरी. लग्नातली गाणी तीच म्हणणार, देवांना तीच बोलावणार, नवरा-नवरीचं लग्न तीच लावणार. ती मांडवात येईपर्यंत लग्नाचं पान हलत नाही. रूपी आणि योगिता आश्रमशाळेत एका ताटात जेवलेल्या, त्यामुळे योगितालाही जायचंच होतं. दुपारी शेड बंद करून प्रविणच्या मोटरसायकलवरून जायचं ठरलं होतं. सासू दोन दिवस आधीच तिकडे जाऊन बसली होती.

“कंपनीच्या माणसांकडे का नाही नेत?” योगिताने विचारलं.

“ती वापीला, वहिनी. आज सांगितलं तर पुढच्या आठवड्यात हात लावतील. आणि आजी गाडीत उकडली, तर मांडवात गाण्यातून माझ्या सात पिढ्यांची उणीदुणी काढेल.”

प्रविणने बॉनेट उघडलं आणि थोडा वेळ नुसता बघत राहिला. इंजिन नव्हतं. कॉम्प्रेसर होता, पण त्याला फिरवणारा पट्टा नव्हता. त्याऐवजी बोटाएवढ्या जाड नारिंगी वायरी त्याच्यात शिरल्या होत्या.

“पट्टा कुठंय रे याचा?”

“मोटर आतच आहे म्हणतात. तुला काय, गॅसच भरायचाय ना? गॅस तोच आहे, बघ, लिहिलंय.”

गॅस तोच होता. प्रविणने आपलं मशीन लावलं, रोजचीच नळी, रोजचाच डबा. आणि भावाची गाडी म्हणून तेल नेहमीपेक्षा दुप्पट सोडलं. पाच मिनिटांत गार वारा यायला लागला. नितीनने झोळीतल्या धाकलीच्या गालाला गार झालेला हात लावला, ती दचकली, दोघे भाऊ हसले, आणि गाडी जशी आली तशी मुकाट निघून गेली.

फोन आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. प्रविणने स्पीकर लावला.

“दादा! खिंडीत गाडी मेली. लाल दिवा लागला, गाडी थांबवा म्हणाली, आणि आता बटण दाबलं तरी उठत नाही. खाली रेंज नाही, टेकडीवर चढून बोलतोय. आजी पळसाखाली बसलीय आणि मला काय काय ऐकवतेय. सकाळपर्यंत बरी होती रे गाडी. तू हात लावलास आणि…”

प्रविणचा चेहरा योगिताने पाहिला. लग्नापासून या माणसाला तिने कष्टी बघितलं होतं, चिडलेलं बघितलं होतं. पण असा कान पडलेला कधी पाहिला नव्हता.

“येतो,” तो म्हणाला. “कॉम्प्रेसर अडकला असेल. त्याची वायर काढून टाकतो, म्हणजे तो बाजूला पडेल आणि गाडी चालेल. पट्टा कापून गाडी घरी आणतोच की आपण.”

“शॉक बसेल.”

प्रविणने पाय वर करून तिला चप्पल दाखवली. जाड रबराची, टायरच्या तुकड्यासारखी. पाड्यातल्या निम्म्या घरांच्या वायरिंगची कामं त्याने याच चपलेवर, पायाखाली लाकडाची फळी घेऊन केली होती. “ही आहे. टेस्टर आहे. नितीन आहे स्टार्ट मारायला. तू मुकेशभाईला फोन कर, दुसरा कॉम्प्रेसर मिळतो का विचार.” त्याने धाकलीच्या तळपायावर ओठ टेकले आणि मोटरसायकलला लाथ मारली.

मुकेशभाई वापीचे. गाड्यांच्या एसीचा माल त्यांच्याकडूनच यायचा. योगिताने गाडीचं नाव सांगितलं, खिंडीतला प्रकार सांगितला. ते हां हां करत ऐकत होते.

“तेल टाकलेला?” त्यांनी मध्येच विचारलं.

“टाकलं ना. टाकतोच तो.”

“कयु तेल? कुठला? डब्यावर वाच ने, बेन.”

तिने एका हाताने झोळी हलवत डबा उचलला आणि त्यावरची अक्षरं एकेक करून वाचली.

“अरे रे रे,” मुकेशभाई म्हणाले. आता त्यांचा आवाज दुकानदाराचा राहिला नव्हता. “ऐक, बेन. साध्या गाडीत कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरते. याच्यात मोटर आतमध्ये, गॅसमध्ये, तेलात भिजलेली. बॅटरीचा सगळा करंट तिच्यापर्यंत जातो. साडेतीनशे व्होल्ट! तांब्याच्या तारेवर लाखेचा पातळ थर, आणि भोवती तेल. म्हणून त्या गाडीचं तेल वेगळं असते, करंटला अडवणारं. तुमचं हे तेल ओल धरते अने करंटला रस्ता देते. थोडं गेलं तरी चालत नाय. आतलं इन्सुलेशन गेलं, करंट गाडीच्या पत्र्याला लागला, ते गाडीला समजलं, म्हणून ती बंद पडली. गाडीने तर शहाणपणा केला. आता प्रविणला सांग, हात नाय लावायचा.”

“तो गेला,” योगिता म्हणाली. “वायर काढायला गेला.”

“पाछो बोलाव! परत बोलाव त्याला!”

“तिथे रेंज नाही. पण त्याच्या पायात रबरी चप्पल आहे. टेस्टर पण आहे.”

“बेन, बेन, चप्पल काय करेल? घरातला करंट जमिनीत जायला बघते, तिथे चप्पल वाचवते. हा करंट बॅटरीतून निघतो आणि बॅटरीतच परत जातो. त्याला जमीन नको. एक हात पत्र्यावर टेकलेला, दुसरा त्या वायरच्या टोकाला. मधे काय राहिलं? छाती. अने टेस्टर पेटणारच नाय. नाय पेटला म्हणून हा बिनधास्त हात घालेल. गाडी बंद आहे तोपर्यंत एक वेळ ठीक. पण कोणी स्टार्ट मारला…”

पुढचं योगिताला ऐकू आलं नाही, कारण ते तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. गॅरेजात रोज दिसणारंच ते चित्र. प्रविण बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला, डावा हात पत्र्यावर टेकवलेला, उजवा आत खोल गेलेला, आणि तो ओरडतोय, “मार रे!” म्हणजे गाडी चालू कर. आत बसलेला कुणीही असो, मारतो. नितीन तर लहानपणापासून दादाच्या शब्दावर मारत आलेला.

तिने प्रविणला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. नितीनला लावला. तेच. पुन्हा प्रविणला. बाई त्याच गोड आवाजात तेच सांगत राहिली आणि योगिताला त्या बाईचा गळा धरावासा वाटला.

झोळीत धाकली जागी झाली, आईकडे बघून हसली. योगिताने तिला उचलून कडेवर घेतलं.

मग तिला लग्नघर आठवलं. खिंडीच्या पलीकडच्या पाड्यावर रूपीचा मांडव, आणि पाड्यावर रेंज होती. तिने रूपीचा फोन लावला. उचलला रूपीच्या बहिणीने, दक्षाने. मागे डीजे इतका दणदणत होता की ती काय म्हणतेय ते अर्धंच कळत होतं.

“योगिताताई! कुठं आहेस? नवरी हळदीत आहे, फोटो…”

“नवरी नको! दक्षा, डीजेवाल्याकडे जा. माईक घे. खिंडीत ऐकू जातो का तुमचा आवाज?”

“खिंडीत काय, पार कुर्झे धरणापर्यंत जातो. काल सरपंच येऊन ओरडून गेला.”

“मग गाणं बंद कर आणि सांग: प्रविण, नारिंगी वायरला हात लावू नको. नितीन, स्टार्ट मारू नको. गाडीपासून लांब व्हा. सांग पटकन, दक्षा, जीव जाईल त्याचा!”

“काय? काय लावू नको? ताई, ऐकू येत नाही गं, थांब, बाहेर जाते…”

आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर नुसती रिंग वाजत राहिली. मग तिने तेच सगळं बोलून रूपीच्या फोनवर व्हॉइस मेसेज टाकला.

शेजारच्या पंक्चरवाल्या बारक्याने तिला रस्त्यावर अनवाणी पळताना पाहिलं, तेव्हा तिने ओढणीने धाकलीला छातीशी बांधलं होतं. “वहिनी, लग्नाला एवढी घाई?” तो हसत म्हणाला, आणि तिचं तोंड बघून गप्प झाला. ती काय बोलली ते त्याला धड समजलं नसावं. पण त्याने हातातला टायर तिथेच टाकला आणि मोटरसायकल काढली.

हायवे सोडून गाडी आत वळली. दोन्ही बाजूंना कापणी होऊन कोरडी पडलेली भातखाचरं, मधे ताडाची झाडं, वर पांढरं पडलेलं आभाळ. बारक्याला गप्प बसायची सवय नव्हती.

“काय नाय होत, वहिनी. प्रविणदादाचा हात म्हणजे… त्याने आमच्या घरची मेन लाइन चालू असताना जोडली होती. हसत हसत.”

“बारक्या, बोलू नको. चालव.”

तो चालवत राहिला. योगिता कान देऊन ऐकत होती. लांबून डीजे ऐकू यायला लागला होता, आधी नुसती जमिनीतून येणारी धडधड, मग गाण्याचे शब्द. गाणं चालूच होतं. म्हणजे दक्षाला ऐकू गेलंच नव्हतं. किंवा ऐकून ती फोटोत रमली. किंवा डीजेवाल्याने हसून माईक दिलाच नाही; लग्नात कोण कुणाचं ऐकतंय. योगिताने धाकलीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. हिला बाप आठवणारही नाही, असं तिच्या मनात आलं. पाच-सहा महिन्यांचं पोर, त्याला काय आठवणार. त्याचा वास तेवढा, ग्रीसचा आणि विडीचा, तोही चार दिवस. हे मनात आल्याबद्दल तिने स्वतःला शिवी दिली, मोठ्याने. बारक्याला वाटलं त्यालाच दिली. त्याने वेग वाढवला.

गाणं चालूच होतं. एक संपलं, दुसरं लागलं, जास्तच जोरात. ती देवाला काही बोललीसुद्धा नाही. कुठल्या देवाला बोलायचं, आणि त्याला तरी या गोंधळात ऐकू कसं जायचं?

आणि गाणं मधेच तुटलं.

इतकी शांतता झाली की गाडीचं इंजिन उघडं पडल्यासारखं वाजायला लागलं. मग खरखर झाली, माईकवर कुणीतरी फुंकर मारली. एका पुरुषाचा आवाज, अडखळत: “सूचना आहे… प्रविण, तलासरीचा एसीवाला प्रविण. गाडीपासून लांब व्हा. नारिंगी वायर… काय गं? हां, नारिंगी वायरला हात लावू नये. नितीन यांनी स्टार्ट मारू नये…” पुढे ओढाओढीचा आवाज झाला आणि दक्षाची किंकाळी डोंगरावर आपटून परत आली: “प्रविणदादा, हात काढ! योगिताताई रडतेय!”

ते पुन्हा सांगितलं गेलं. पुन्हा एकदा. योगिता खरंच रडत होती.

पण उशीर झाला होता की नव्हता, हे तो आवाज सांगू शकत नव्हता.

शेवटचं वळण आलं. खाली खिंडीत पांढरी गाडी उभी, मागे प्रविणची मोटरसायकल. बॉनेट वर. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं. पळसाखाली पांढऱ्या लुगड्यातली लाडकी आजी. नितीन रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा.

प्रविण नव्हता.

बारक्याने गाडी उभी करायच्या आत योगिताने उडी मारली. तिला बॉनेटसमोर, पुढच्या चाकाजवळ, प्रविणच्या चपला दिसल्या. दोन्ही. रिकाम्या.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने धाकली किंचाळली.

“अगं, वर!” आजी ओरडली. “वर बघ, पोरी! मेला नाय तो, टेकडीवर माकडागत चढतोय!”

योगिताने वर पाहिलं. वाळलेल्या गवतातून, दगडांना धरत, प्रविण अनवाणी वर चढत होता. तिचा आवाज ऐकून तो वळला. मग बसून, घसरत, ओरखडत खाली आला. तिच्यापुढे उभा राहिला तेव्हा त्याला धाप आवरत नव्हती.

“धाकली?” तो म्हणाला. “धाकलीला काय झालं?”

“धाकलीला? काही नाही. तिला काय होणार?”

“मांडवातून माझं नाव घेतलं. भर लग्नात गाणं थांबवून माणसाचं नाव कधी घेतात? कुणी गेलं तरच. पुढचं ऐकायला थांबलोच नाही मी, चपला तिथेच सुटल्या. म्हटलं वर जाऊन तुला फोन…”

“मी ओरडत होते ना, हात लावू नको म्हणतायत म्हणून,” आजी म्हणाली. “ऐकतो कुठं! बाप्यांच्या जातीला कान नाही.”

योगिताने त्याचे हात धरले. उलटे केले, सुलटे केले, नखांपासून मनगटापर्यंत बघितले. काळं तेल, गवताचे ओरखडे. बाकी काही नाही.

“वायरला हात लावला होतास?”

“वरची क्लिप काढली होती. टेस्टर लावला, पेटला नाही. म्हणून टोक धरायला हात घातला, आणि नितीनला म्हटलं…”

“मार म्हणालास?”

प्रविण नितीनकडे बघायला लागला.

“म्हणाला,” नितीन म्हणाला. “माझं बोट बटणावर होतं, वहिनी. तेवढ्यात गाणं थांबलं.”

मग योगिताने सांगितलं. तेल कसलं, करंट कुठून कुठे, चप्पल का कामाची नव्हती, टेस्टर का गप्प राहिला. जमेल तसं, मुकेशभाईंच्या शब्दांत, मधे मधे श्वास घेत. आणि वायर निघाली असती तरी गाडी चालली नसतीच, हे मुकेशभाईंनी तिला सांगितलं नव्हतं. ते आता नितीनच म्हणाला. लाल दिवा लागला की आमच्या मीटरशिवाय गाडी जागची हलत नाही, असं कंपनीच्या माणसाने गाडी देताना सांगितलं होतं, ते त्याला आता आठवलं.

प्रविण रस्त्याच्या कडेला बसला. खालच्या आवाजात म्हणाला, “दुप्पट सोडलं मी. तुझी गाडी म्हणून दुप्पट सोडलं रे.”

नितीनला पुष्कळ बोलता आलं असतं. गाडीवर त्याचं घर चालत होतं, आणि बाहेरच्या माणसाने हात लावला म्हटल्यावर कंपनी हात वर करणार, हे तिघांनाही कळत होतं. पण तो भावाच्या बाजूला, अंग लागेल असा, बसला.

“माझं काय?” लाडकी आजी उठून उभी राहिली. “तिकडं लग्न लटकलंय. हा कोण काळा? गाडी चालवतो ना? चल, मला बसव.”

बारक्याने तिला मागे बसवलं. “आजी, धरून बस. पडलीस तर लग्न मलाच लावावं लागेल.” आजीने त्याच्या पाठीत गुद्दा घातला, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि खिंड चढेपर्यंत तिचं गाणं सुरूही झालं होतं. त्यात बारक्याची आई आली, बारक्याचा बाप आला, आणि एसीवाला प्रविणही आला.

खिंडीत तिघं उरली, आणि धाकली. ती आता भुकेने मुठी चघळत होती. योगिताने दोघा भावांना गाडीपासून लांब, पळसाच्या सावलीत नेलं. नितीन मोबाइल आणायला गाडीकडे निघाला तेव्हा ती अशी काही ओरडली की तो होता तिथेच थांबला आणि परत आला. मुकेशभाईंनी वापीच्या कंपनीच्या माणसांना कळवलं असेल, ते हातमोजे आणि मीटर घेऊन येतील. येईपर्यंत गाडी तशीच राहील, दार उघडं तर उघडं.

ती ओढणीआड धाकलीला घेऊन बसली. एका हाताने पोरीला सांभाळत होती. दुसऱ्या हाताने तिने प्रविणच्या शर्टाची बाही धरली होती. प्रविण जरा हलला, पाय मोकळा करायला. तिने मूठ आवळली.

“सोड आता,” तो म्हणाला. “कुठे जात नाही मी.”

“माहीत आहे.”

तिने सोडलं नाही. धाकली पीत पीत झोपली. सावली त्यांच्यावरून सरकून पलीकडे गेली, ऊन पायांवर आलं. शर्टाची बाही तिच्या मुठीत घामाने भिजली, तरी तिने सोडली नाही.